वाचकांचे प्रश्न : कोयासान आणि कुमानोचे डोंगर

जपानच्या कीइ द्वीपकल्पातलं कोयासान हे देवळांचं पठार आणि त्याच्या दक्षिणेचा कुमानो हा डोंगराळ मुलूख, यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच या अंकात घेतले आहेत. इथली तीर्थक्षेत्रं आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

आम्ही चौघे ऑक्टोबरअखेर जाणार आहोत. आईवडील चातुर्मास पाळतात, कांदा-लसूण खात नाहीत. आठवडाभर खायचं काय? (सांगली)

कोयासानवर काळजी नको. तिथल्या ११७ देवळांपैकी पन्नासएक देवळांत मुक्काम करता येतो, त्याला शुकुबो म्हणतात. तिथलं जेवण शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं. त्यात मांस-मासे नसतातच, शिवाय कांदा-लसणासारख्या उग्र वासाच्या पाच भाज्याही वर्ज्य असतात. रश्शाला चव येते ती कोम्बु नावाच्या समुद्री शेवाळाची आणि वाळवलेल्या शिताके अळंबीची. आईवडील अळंबी खात नसतील तर ते मात्र बुकिंग करतानाच कळवा, आयत्या वेळी रस्सा बदलता येत नाही. ताटातलं गोमादोफू जरूर खा. नावात तोफू असलं तरी त्यात सोयाबीन नसतं. तीळ बारीक वाटून कुझू नावाच्या कंदाच्या सत्त्वात घोटून घट्ट केलेली ती मऊ वडी असते.

खरी अडचण डोंगर उतरल्यावर. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेलं दाशी, म्हणजे पातळ सार, बहुतेक ठिकाणी कात्सुओ माशाच्या वाळलेल्या किसापासून करतात, आणि ते दिसत नाही. मिसो सूप, सोबा नूडल्सचा रस्सा, भाजीची उकड, गोडसर तोफूच्या पिशवीतला इनारी भात, सगळ्यात ते असू शकतं. ‘मी शाकाहारी आहे’ एवढंच सांगितलं तर समोरचा प्रामाणिकपणे मासा काढून भाजी वाढतो, पण रस्सा तोच राहतो. म्हणून हे वाक्य पाठ करा: ‘निकु मो, साकाना मो, कात्सुओ-दाशी मो ताबेमासेन. कोम्बु-दाशी वा दाइजोबु देसु.’ म्हणजे मांस, मासे आणि कात्सुओचं दाशी खात नाही, कोम्बुचं चालेल. अंडं नको असेल तर ‘तमागो मो’ जोडा. या भागातली उमेबोशी, म्हणजे खारवलेली उमे फळं, प्रसिद्ध आहेत, पण ‘कात्सुओ-उमे’ लिहिलेली बरणी घेऊ नका, तिच्यात माशाचा कीस असतो.

कुमानोतल्या युनोमिने या गरम झऱ्यांच्या गावात आणखी एक सोय आहे. ओढ्याकाठी युझुत्सु नावाचं चौकोनी कुंड आहे, त्यातलं पाणी नव्वद अंशांच्या आसपास असतं. गावातल्या दुकानातून रताळी घ्या, जाळीच्या पिशवीत घालून दोरी कठड्याला बांधा आणि पिशवी पाण्यात सोडा. मध्यम रताळ्याला अर्धा तास लागतो, मोठं असेल तर आडवं कापून घ्या, नाहीतर आत कच्चं राहतं. पिशवी काढताना हात कुंडावर धरू नका, वाफेनं भाजतं.

ओन्सेनमध्ये सगळ्यांसमोर विवस्त्र अंघोळ करावी लागते म्हणे. ते जमणार नाही. वडिलांना रक्तदाबही आहे. (डोंबिवली)

सार्वजनिक ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहात, कपडे घालून पाण्यात उतरता येत नाही हे खरं. पण स्त्री-पुरुषांची कुंडं बहुधा वेगळी असतात, आणि संकोच वाटत असेल तर काशिकिरी-बुरो, म्हणजे तासाच्या हिशेबानं घेतलेलं खासगी कुंड विचारा. युनोमिनेचं त्सुबोयु तर मुळातच तसं आहे. ओढ्यात उभी लाकडी खोपटी, आत खडकातला खळगा, दोन-तीन माणसं मावतील एवढा. सार्वजनिक स्नानगृहाच्या खिडकीवर क्रमांक घ्यायचा, आधीची मंडळी बाहेर आली की आत जाऊन कडी लावायची. वेळ अर्ध्या तासाची. पाणी सुरुवातीला सहन होत नाही, थंड पाणी सोडून ढवळावं लागतं, त्यात पाच मिनिटं जातात हे धरून चाला. आत साबण लावायचा नाही.

एरवीचा क्रम असा. आधी स्टुलावर बसून साबणानं पूर्ण अंग धुवायचं, फेस राहू द्यायचा नाही. केस वर बांधायचे. मग बादलीनं पाणी आधी पायांवर, मग मांड्यांवर, शेवटी खांद्यांवर घ्यायचं. हा केवळ शिष्टाचार नाही, शरीराला गरम पाण्याची ओळख करून देण्याची रीत आहे. छोटा टॉवेल पाण्याला लागू द्यायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. कपडे बदलण्याच्या खोलीत जाण्याआधी त्याच टॉवेलनं अंग टिपून घ्यायचं.

वडिलांसाठी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचाराच. कुंडाचं पाणी बहुधा ४० ते ४२ अंशांचं असतं. त्यात रक्तवाहिन्या सैलावतात आणि पटकन उठलं की चक्कर येते. छातीपर्यंतच बुडायचं, चार-पाच मिनिटांत बाहेर, उठताना कठडा धरायचा. जेवण झाल्याबरोबर किंवा दारू पिऊन नको. आईची जोडवी-पैंजण मात्र खोलीतच ठेवा, युनोमिनेच्या पाण्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. अंघोळीनंतर युकाता, म्हणजे सुती झगा, घालताना डावी बाजू उजवीच्या वर यायला हवी, उलटी मृतांना घालतात.

एकाच फेरीत लाल पानं आणि बर्फ दोन्ही मिळेल का? (नाशिक)

नाही, आणि तसा प्रयत्न करू नका. कोयासान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे मेपल ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रंगतात. दांजो गारान या मुख्य देवळांच्या आवाराकडे जाणारी जाबारामिची ही वाट तेव्हा सर्वांत देखणी. कुमानो खाली आहे, तिथे रंग नोव्हेंबरच्या उत्तरार्धात उतरतो. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, याच्या उलट, कुमानोत मार्चअखेरपासून, कोयासानवर एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात. बर्फ हवा असेल तर जानेवारी-फेब्रुवारी. तेव्हा कुमानोतल्या कावायु गावाला नदीपात्रातच पाणी अडवून सेन्निन-बुरो नावाचं मोठं उघडं कुंड करतात, आणि तिथे पोहण्याचे कपडे चालतात. जून-जुलैचा पाऊस आणि सप्टेंबरची वादळं टाळलेली बरी.

कोयासानला गरम झरे आहेत का, आणि जायचं कसं? (पणजी)

शुकुबोतलं न्हाणीघर बहुधा साध्या गरम पाण्याचं असतं. झऱ्यांसाठी कुमानोलाच जायला हवं.

ओसाकाच्या नाम्बा स्थानकावरून नानकाई रेल्वेनं गोकुराकुबाशी, तिथून पाच मिनिटांची केबल कार, मग बस. विमानतळावरून थेट येणाऱ्यांनी नाम्बापर्यंत न जाता तेंगाचाया स्थानकावर गाडी बदलावी. केबल कारच्या स्थानकापासून गावात चालत जायला मनाई आहे, तो रस्ता फक्त बससाठी आहे. जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा प्रवासी पास, नानकाईवर चालत नाही. देवळात जेवण साडेपाच-सहाला वाढतात, तेव्हा चारपर्यंत पोचायचं आणि तिथून मागे हिशेब करून गाडी ठरवायची. उशिरा पोचणाऱ्याचं जेवण चुकतं. कुमानोसाठी ओसाकाला परतून कीइ-तानाबे गाठा, तिथून युनोमिनेला बसनं दोन तासांच्या आतबाहेर. बस मोजक्या असतात आणि लवकर संपतात. मोठ्या बॅगा ताक्युबिन सेवेनं पुढच्या हॉटेलवर पाठवा आणि दोन दिवसांचे कपडे पाठपिशवीत ठेवा.

कोयासानच्या ओकुनोइन दफनभूमीतल्या थडग्यांवर देवनागरीसारखी अक्षरं आहेत, ती कोणती? (ठाणे)

ती सिद्धम् लिपी, ब्राह्मीच्याच घराण्यातली. कोयासानचे संस्थापक कूकाइ ८०४ साली चीनला गेले, चांगआनमध्ये प्रज्ञ या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकले आणि ८०६ साली परतले. पाच दगड एकावर एक रचलेली जी स्मारकं दिसतील, त्यांना गोरिंतो म्हणतात. ती आपली पंचमहाभूतंच आहेत. खालून वर: चौकोन पृथ्वी, अक्षर अ. गोल आप, अक्षर व. उतरत्या छपरासारखा दगड तेज, अक्षर र. अर्धगोल वायू, अक्षर ह. टोकाचा मण्याचा आकार आकाश, अक्षर ख. देवळात होणारा गोमा विधी म्हणजे होमच, शब्दही तोच.

इचिनोहाशी पुलापासून चालायला लागा, देवदारासारख्या उंच सुगी वृक्षांखालून दोन किलोमीटर वाट आहे. मधल्या बसथांब्यावर उतरलात तर जुनी थडगी चुकतात. कूकाइ ८३५ पासून इथे समाधीत आहेत अशी श्रद्धा असल्यानं त्यांच्यासाठी रोज सकाळी सहा आणि साडेदहाला नैवेद्य नेतात. दहा-पंधरा मिनिटं आधी गोब्योबाशी पुलाजवळ उभे राहिलात तर लाकडी पेटी घेऊन जाणारे भिक्षू दिसतील. पूल ओलांडण्याआधी टोपी काढा आणि कॅमेरा पिशवीत ठेवा, पलीकडे छायाचित्रं घेत नाहीत.