ठमाबाईच्या कानाचे टोक

मांजर गेलेल्या माणसाला आठवण म्हणून काही भेट द्यावी की नाही, आणि दिली तर जखमेवरची खपली निघेल का, असा प्रश्न माझ्याकडे वर्षातून तीन-चार वेळा तरी येतो. विचारणारी व्यक्ती बहुधा स्वतः दुःखात नसते. दुःखात असलेल्या कुणाच्या तरी ती जवळची असते आणि आपल्या हातून काही चुकू नये या काळजीने आलेली असते. गेल्या पावसाळ्यात अशाच एक बाई आल्या. त्यांचा अनुभव त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

बाई पुण्यात राहतात आणि बँकेतून निवृत्त झालेल्या त्यांच्या ताई साताऱ्यात एकट्या असतात. ताईंनी १४ वर्षे सांभाळलेली मांजर मूत्रपिंडे निकामी होऊन महिनाभरापूर्वी गेली होती, आणि तेव्हापासून ताई फोनवर हवापाण्यापलीकडे बोलत नव्हत्या. भावाने नवे पिल्लू आणून देण्याची गोष्ट काढताच त्यांनी फोन ठेवून दिला होता. (पिल्लाची ही सूचना इतक्या घरांतून इतक्या सद्हेतूने केली जाते, की तिच्यावर वेगळे लिहावे लागेल.) आता बाईंनी एक भेट पसंत केली होती आणि केवळ पैसे भरायचे राहिले होते. त्यांनी फोनवर मला नमुना दाखवला. संगमरवरासारखी दिसणारी छोटी फरशी, तिच्यावर मांजरीचा फोटो, फोटोला दोन पंख, खाली ‘लकी’ हे नाव आणि ‘तू आम्हाला सोडून गेलीस, पण मनातून जाणार नाहीस’ अशी ओळ.

“ताई तिला लकी म्हणत होत्या का?” मी विचारले.

बाई थोड्या गोंधळल्या. मग म्हणाल्या, “नाही हो मॅडम. ते दवाखान्याच्या फाइलवरचं नाव. पहिल्यांदा नेलं तेव्हा नाव काय लिहू म्हणून विचारलं आणि मीच घाईत काहीतरी सांगितलं. घरात ती ठमी. ताई एकटी असली की ठमाबाई.”

पुढे चौकशी करता असे कळले की शेवटचे चार महिने ताई एक दिवसाआड घरीच तिच्या कातडीखाली १०० मिली सलाईन देत होत्या, आणि किती दिले, काय खाल्ले, किती पाणी प्याली हे दोनशे पानी वहीत तारीखवार लिहीत होत्या. शेवटी ठमीने खाणे पूर्ण सोडले तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शन देऊन तिला कायमचे झोपवण्याचा निर्णय झाला, आणि संमतीच्या कागदावर सही ताईंची होती. ज्या बाईने अशी सही केली आहे, तिच्या भिंतीवर ‘तू आम्हाला सोडून गेलीस’ हे वाक्य लावले तर ते रोज तिला काय विचारील, याचा विचार ती ओळ रचणाऱ्याने केलेला नसतो. त्याने एकच ओळ हजार घरांसाठी लिहिलेली असते. निवडलेला फोटोही शेवटच्या आठवड्यातला होता. पुढच्या पायावरचे केस सुईसाठी काढलेले आणि डोळे आत गेलेले. फोनमध्ये तोच सर्वांत वर होता, एवढेच त्याचे कारण.

समाज ज्या दुःखाला दुःख म्हणून जागा देत नाही, त्याला केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली एक नाव दिले. मराठीत त्याला ‘हक्क नाकारलेले दुःख’ म्हणता येईल. मांजर गेल्याचे दुःख या प्रकारात अगदी पुढे बसते, कारण कुत्रे माणसाचे आणि मांजर घराचे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरातले मांजर मेले की प्राचीन इजिप्तमधील माणसे भुवया काढून टाकत, असे हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. तिथे दुःख चेहऱ्यावर दिसत होते, त्यामुळे कुणी काही समजावून सांगण्याची गरज नव्हती. ताईंजवळ फक्त ती वही होती, आणि ती कुणी पाहायला मागितली नव्हती.

भेट देऊ नका, असे मी बाईंना म्हटले नाही. विचारून द्या, एवढेच म्हटले. त्यावर त्यांनी आपली दुसरी योजना सांगितली: साताऱ्याला गेल्यावर ठमीच्या ब्रशमध्ये अडकलेले केस गुपचूप काढून घ्यायचे आणि ते घालून लॉकेट करायचे. याला मात्र मी स्पष्ट विरोध केला. ते केस ब्रशमध्येच असावेत असे ताईंना वाटत असेल, तर त्या ब्रशला हात लावण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही. आश्चर्याचा धक्का वाढदिवसाला शोभतो.

बाईंनी त्या रात्री फोन केला आणि भेटीचा विषय काढण्याआधी वहीची चौकशी केली. ताईंनी फोनवरच पाने वाचायला सुरुवात केली. ‘१२ तारीख. सलाईन १००. मासळीचं पाणी चार चमचे. रागावली.’ पाऊण तास वाचन चालले. शेवटी बाईंनी विचारले, “ताई, तिचं एखादं चित्र काढून घेऊ का गं? नको असेल तर नको.” बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही, आणि मग ताई म्हणाल्या, “शिवणयंत्रावर बसलेला फोटो आहे बघ एक. तो घे. आजारातला नको.”

चित्रकाराकडून पेन्सिलीचा कच्चा आराखडा आला तेव्हा बाई तो घेऊन माझ्याकडे आल्या. चित्र सुरेख होते, आणि तरीही ती ठमी नव्हती. रस्त्यावरच्या मांजरांची नसबंदी केल्यावर खूण म्हणून कानाचे टोक कापतात. ठमीचा डावा कान तसा होता आणि चित्रकाराने तो आपल्या समजुतीने नीट करून टाकला होता. आम्ही तो पुन्हा कापून मागितला. खाली जन्ममृत्यूच्या तारखा आणि कवितेची ओळ न घालता फक्त ‘ठमाबाई’ लिहून घेतले. चौकट भिंतीवर टांगायची न घेता पुस्तकासारखी मिटणारी घ्यावी, हे मी सुचवले, कारण भेट देणाऱ्याला ती समोर दिसावी असे वाटत असले, तरी घेणाऱ्याला काही दिवस ती मिटून ठेवता आली पाहिजे.

ताईंनी ती खरोखरच मिटून कपाटात ठेवली. दीड महिना त्यांनी तिचा विषय काढला नाही आणि बाईंनीही, माझ्या सांगण्यावरून, विचारले नाही. हे त्यांना फार जड गेले. मग एका रविवारी सकाळी ताईंचाच फोन आला, की उजवीकडची एक मिशी अर्धी तुटलेली होती, ती चित्रात पूर्ण आली आहे. बाईंनी घाबरून मला विचारले की दुरुस्त करून घेऊ का. मी म्हटले, ताईंना विचारा. ताई म्हणाल्या, “राहू दे. मी खोडरबरानं खोडून घेतली आहे.”