घर बांधताना विचारलेले प्रश्न: बीआयएम, थ्रीडी आणि विटांचा हिशोब

आधी एक सांगून टाकतो. ऑफिसात आम्ही सगळे ‘बिम’च म्हणतो, पण साइटवर हा शब्द काढला की मिस्त्री स्लॅबखालच्या बीमकडे बघतो नं, म्हणून इथे बीआयएम असंच लिहितोय. बीआयएम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, घराचं सगळ्या माहितीसकट कॉम्प्युटरवर केलेलं मॉडेल. या वेळी बरेच प्रश्न याच विषयावर आले.

नागपुरात बेसा भागात १५०० फुटाचा प्लॉट आहे, खाली-वर असं घर बांधून राह्यलो. आर्किटेक्ट म्हणतात बीआयएम करू, फी थोडी वाढेल. पण थ्रीडी व्ह्यू तर आमच्या भाच्यानेच काढून दिला, मग हे वेगळं काय?

भाच्याने काढला तो फोटो आहे हो. छान असेल, व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांना पाठवायला कामाचा आहे, पण त्यातली भिंत ही नुसती रंगवलेली पेटी असते, तिला आपण ९ इंची आहोत की साडेचार हे माहीत नसतं. बीआयएमच्या मॉडेलमध्ये भिंत म्हणजे भिंतच, जाडी, वीट, प्लास्टर, तिच्यातली खिडकी सगळं तिला चिकटलेलं, खिडकी सरकवली की प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन आणि खिडक्यांची यादी सगळीकडे आपोआप सरकते.

पण खरा फायदा दुसराच आहे, तो म्हणजे तीन जणांची ड्रॉइंग एकमेकांवर ठेवून बघता येणं. माझंच सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी त्रिमूर्तीनगरकडे एक घर केलं, तेव्हा आम्ही २डीवरच काम करायचो. जिना माझ्या ड्रॉइंगमध्ये बरोबर, बीम स्ट्रक्चरवाल्याच्या ड्रॉइंगमध्ये बरोबर, आणि स्लॅब पडल्यावर सेंट्रिंग खोललं तर जिन्याच्या दुसऱ्या फ्लाइटवर बीम आडवा, पायरीपासून जेमतेम साडेपाच फूट. घरमालकांचे थोरले भाऊ उंच, वास्तूच्या दिवशीच डोकं आपटलं. ते हसले, मी नाही हसलो. मॉडेल असतं तर क्लॅश, म्हणजे जिना आणि बीमची ही टक्कर, स्क्रीनवरच दिसला असता.

संडास-बाथरूमचंही तसंच. ११० मिमीचा पाइप १२ फूट न्यायचा, उतार ४० ला १ धरला तर शेवटाला साडेतीन इंच खाली जातो, पाइपाची जाडी धरून आठ इंच तिथेच संपले, मग ९ इंचाच्या संकमध्ये (बाथरूमखाली पाइपांसाठी खाली घेतलेल्या स्लॅबमध्ये) बेंड बसवायचा कुठे? हे स्लॅबआधी कळलं तर संक वाढवता येतो, नंतर कळलं तर मिस्त्री गुपचूप बीम फोडतो.

तेव्हा फी द्या, पण सरसकट नको. तुमच्या घराला जिना, संक, पाइप, कॉलम-बीम एवढं नीट मॉडेल केलेलं पुरे. सोफा, झुंबर, कुंड्या मॉडेल करायचे पैसे देऊ नका. आणि स्ट्रक्चरवाल्याचं ड्रॉइंग त्या मॉडेलमध्ये खरंच घेणार का हे आधी विचारा, ते येणार नसेल तर तुम्ही महागडा थ्रीडी विकत घेताय.

हुडकेश्वरला ठेकेदारी करतो. आर्किटेक्टने मॉडेलमधून क्वांटिटी काढून दिली, माझ्या मापाशी जुळतच नाही, विटा कमी अन् प्लास्टरही कमी. सॉफ्टवेअर चुकतं का?

सॉफ्टवेअर बेरीज चुकत नाही, पण त्याला जेवढं सांगितलं तेवढंच ते मोजतं. कॉलममध्ये घुसलेली भिंत कापली नसेल तर वीटकाम वाढतं, भिंत बीमच्या खालपर्यंत न नेता मधेच थांबवली असेल तर कमी होतं. तुटफूट तर मॉडेलला ठाऊकच नाही, राखेच्या विटा ट्रॉलीतून उतरवताना किती जातात हे तुम्हालाच माहीत.

प्लास्टरचा घोळ मात्र वेगळा आहे. आपल्याकडे मापं आयएस १२०० प्रमाणे, म्हणजे बांधकामाच्या मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे, घ्यायची रीत आहे, त्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं ओपनिंग वजा करत नाहीत, अर्धा ते ३ चौरस मीटर असेल तर एकाच बाजूचं वजा करायचं, आणि ३ च्या वर असेल तर दोन्ही बाजूंचं वजा करून जॅमचं (ओपनिंगच्या आतल्या कडांचं) प्लास्टर वेगळं जोडायचं. मॉडेल सरळ दोन्ही बाजू वजा करतं. ४ बाय ४ ची खिडकी जवळपास दीड चौरस मीटर भरते, अशा दहा खिडक्या धरा, तुमच्या आणि मॉडेलच्या मापात १५ चौरस मीटर, म्हणजे दीड ब्रासच्या वर फरक इथेच पडला. ही सूट जॅमच्या कामाबदल्यात असते, आणि मॉडेलमध्ये जॅमचं प्लास्टर बहुतेक वेळा दाखवलेलंच नसतं. तेव्हा भांडू नका, कामाआधी लिहून घ्या की बिल आयएस १२०० प्रमाणे होणार की मॉडेलच्या नेट मापाने, आणि नेट असेल तर रेट त्या हिशोबाने लावा.

मेट्रोला ५डी बीआयएम वापरलं म्हणे, हे पाच डी कोणते?

तीन म्हणजे लांबी-रुंदी-उंची, चौथा वेळ, पाचवा पैसा. कोणता पिलर कधी होणार आणि त्याचा खर्च किती, हे मॉडेलच्याच भागांना जोडलेलं असतं. हो, नागपूर मेट्रोने ते वापरलं. घराला पाचवा डी म्हणजे तुमच्या घरच्या वहीतला हिशोब, तो वहीतच राहू द्या.

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. रेव्हिट शिकू की आर्किकॅड?

दोन्ही बीआयएमचीच सॉफ्टवेअर. भारतात नोकरीच्या जाहिराती रेव्हिटच्या जास्त दिसतात, म्हणून रेव्हिट, शिक्षणाचं लायसन्स फुकट मिळतं. आर्किकॅड हंगेरीचं, वयाने रेव्हिटपेक्षा बरंच थोरलं, हाताळायला मला तरी जास्त आवडतं. पैसे नसतील तर ब्लेंडरवर चालणारं बोन्साय फुकट आहे आणि ते थेट आयएफसीवर, म्हणजे कुठल्याही बीआयएम सॉफ्टवेअरला चालणाऱ्या खुल्या फाइलवर, काम करतं. पण आधी दोन महिने साइटवर जा. सळई कशी बांधतात हे न बघता मॉडेल करणारी मुलं बीममध्ये खिडकी टाकतात.

मानेवाड्याला पश्चिमेकडे तोंड असलेला प्लॉट आहे. उन्हाळ्यात घर किती तापेल हे मॉडेलमधून कळतं का?

ऊन कुठे पडेल हे कळतं, पण दोन गोष्टी बघून घ्या. एक, मॉडेलमध्ये लोकेशन नागपूर टाकलंय का. दोन, खरी उत्तर दिशा फिरवलीय का, कारण ड्रॉइंग कागदावर सरळ बसावं म्हणून प्लॉट फिरवतात आणि मग सगळी सावली खोटी पडते. ही चूक मी भल्याभल्यांच्या ऑफिसात पाहिली आहे.

आपण २१ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर आहोत. मे संपता संपता दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जुलैच्या मध्यापर्यंत दुपारी जरा उत्तरेकडेच असतो, त्यामुळे उत्तरेची भिंत सावलीत असते हे आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात खरं नाही, तिथेही छज्जा लागतो. पश्चिमेला उलट छज्जाचा फार उपयोग नाही, संध्याकाळचं ऊन खालून तिरपं येतं, तिथे उभ्या फिन (खिडकीबाहेरच्या उभ्या पट्ट्या) किंवा जाळी लावा, नाहीतर सरळ जिना आणि बाथरूम त्या बाजूला टाका. आर्किटेक्टला २० मे, दुपारी ४ वाजता, असं म्हणून बेडरूमची खिडकी दाखवायला सांगा. सगळ्यात जास्त तापते ती गच्ची, त्याला मॉडेल नको, पांढरा चायना मोझॅक लावा.

घर झालं, आता आर्किटेक्ट मॉडेलची फाइल देत नाहीत. आमचे पैसे, आमचं घर, मग फाइल त्यांची कशी?

कायद्याने त्यांची बाजू वाटते तेवढी कच्ची नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वास्तुरचना ही कलाकृतीत मोडते आणि करारात वेगळं लिहिलं नसेल तर हक्क साधारण डिझाइन करणाऱ्याकडे राहतो. म्हणून हे सुरुवातीलाच ठरवायचं असतं. आता मूळ फाइलसाठी अडून न बसता आयएफसी आणि पीडीएफ मागा, आयएफसी कुठल्याही फुकट व्ह्यूअरमध्ये उघडते आणि ती द्यायला बहुतेक आर्किटेक्ट नाही म्हणत नाहीत. त्यात साइटवर झालेले बदल चढवलेत का ते विचारा, कारण मॉडेलमध्ये पाइप डावीकडे आणि भिंतीत उजवीकडे असेल तर गीझर लावताना ड्रिल त्यातच जायचं. ज्यांचं काम अजून चालू आहे त्यांनी प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवा, एक सुट्टीची दुपार जाते, बस.