जपानी फॅशन डिझायनर इस्सेई मियाके यांच्या प्लीट्सचं एवढं कौतुक का? चुण्या तर आधीही होत्याच ना?

होत्या, पण मियाकेंनी कामाचा क्रम उलटा केला. नेहमी कापडाला आधी चुण्या पाडतात, मग ते बेततात. त्यामुळे शिवणीपाशी चुण्या दबतात, ओळी जुळत नाहीत. मियाकेंच्या पद्धतीत आधी अख्खा कपडा शिवतात, तयार मापाच्या अडीच ते तीन पट मोठा. मग तो कागदाच्या दोन थरांमध्ये ठेवून प्लीटिंगच्या यंत्रातून काढतात. घडी, दाब आणि उष्णता एकाच वेळी मिळते आणि कपडा अंगाच्या मापाचा होऊन बाहेर येतो.

खरी करामत पॉलिएस्टरची. ते तापलं की मऊ होतं आणि थंड होताना घडीसकट घट्ट बसतं. सुती धागा असा मऊ होत नाही, म्हणून त्यावरची घडी पहिल्या धुण्यातच जाते. व्हेनिसचे डिझायनर मारियानो फॉर्च्युनी यांच्या रेशमी 'डेल्फॉस' गाउनची (१९०७) हीच अडचण होती. भिजला की चुण्या सुटायच्या आणि गाउन पुन्हा त्यांच्याकडे पाठवावा लागायचा.

मियाके १९३८ साली हिरोशिमात जन्मले. पॅरिसमध्ये लारोश आणि जिवांशी या फॅशन डिझायनरांकडे काम करताना त्यांनी १९६८चं विद्यार्थी-कामगारांचं आंदोलन पाहिलं. मूठभरांसाठी नव्हे, सगळ्यांना रोज घालता येतील असे कपडे करायचे, हे तिथे ठरलं. १९७०मध्ये त्यांनी टोकियोत स्टुडिओ काढला. प्लीट्सचे प्रयोग १९८८पासूनचे. १९९१मध्ये विल्यम फोर्साइथ यांच्या फ्रँकफर्ट बॅलेतल्या नर्तकांनी हे कपडे घातले आणि १९९३मध्ये या कपड्यांचा 'प्लीट्स प्लीज' हा ब्रँड बाजारात आला. माझ्या मते १९९८चं 'ए-पॉक' याहूनही धाडसी आहे: यंत्रातून निघालेल्या नळीसारख्या कापडातच कपड्यांच्या रेषा विणलेल्या, आपण फक्त कात्री चालवायची.

स्वतः करून बघणार असाल तर दोरासुद्धा पॉलिएस्टरचाच घ्या. कापडावर ३० सेंमीचा चौकोन आखून आधी त्याचंच प्लीटिंग करून घ्या आणि तो किती उरतो ते मोजा. माप फक्त चुण्यांना आडवं आटतं, चुण्यांच्या दिशेनं जवळजवळ तेवढंच राहतं; दोन्हीकडे तिप्पट धरलं तर कुर्ता जमिनीवर लोळेल. शिवण पातळ ठेवा, जाड शिवणीवर चुणी वाकडी पडते. आणि कापड पूर्ण गार झाल्याशिवाय कागद काढू नका, नाहीतर चुण्या उघडतात.

तयार कपडा जाळीच्या पिशवीत घालून गार पाण्यात धुवा, गुंडाळून ठेवा. इस्त्री अजिबात नको. ज्या उष्णतेनं चुणी बसते, तीच तिला सपाटही करते.