मोबाईल काढून घेऊ का?

प्रश्न : ताई, मुलगी सतरा वर्षांची आहे, बारावीला. कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायचं ठरलंय हे कळल्यापासून मैत्रिणींबरोबर तिकडे जायला लागली, रील टाकायची, त्यातली एक रील बरीच चालली. मग एका अनोळखी अकाउंटवरून तिला फोटो आला, चेहरा तिचा आणि खाली उघडं शरीर भलत्याच कुणाचं, सोबत मेसेज की रील काढ नाहीतर क्लासच्या ग्रुपवर टाकतो. चार दिवस गप्प होती, नीट जेवतही नव्हती. तिचे बाबा म्हणतात मोबाईल बंद आणि ते झाडंबिडंही बंद. मला काही सुचत नाहीये. (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, आधी त्या चार दिवसांबद्दल बोलू. या वयाच्या मुली मला लिहितात तेव्हा बहुतेक पत्रांत एक वाक्य असतंच, "घरी कळलं तर फोन जाईल." तुमची मुलगी तरी बोलली, आणि आता फोन काढून घेतलात तर पुढच्या वेळी ती चार दिवसांनी काय, चार महिन्यांनीही सांगणार नाही. म्हणून आज रात्री तिच्याजवळ बसा आणि तुझं काही चुकलेलं नाही हे स्पष्ट शब्दांत सांगा, बाबांनीही सांगायला हवं, त्यांच्या तोंडून आलं की जास्त पोचतं.

आता काम. ते अकाउंट लगेच ब्लॉक करू नका आणि चॅट तर अजिबात उडवू नका, आधी अकाउंटचं नाव, धमकीचा मेसेज, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. तो फोटो मात्र मामाला, मावशीला, "बघा काय केलंय" म्हणून कुणालाच पाठवायचा नाही, कारण अठराच्या आतल्या मुलीचा असा फोटो फॉरवर्ड करणं हाच गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. त्या माणसाला उत्तर द्यायचं नाही, पैसे मागितले तर द्यायचे नाहीत.

मग 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा किंवा सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाका, तिथे महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. पोलीस स्टेशनला जायची भीती वाटत असेल तर हे माहीत असू द्या, पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, त्यात खोटा, बनवलेला फोटो वापरायची धमकीही येते, आणि या कायद्याप्रमाणे मुलीचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि युनिफॉर्म न घालता. तिचं नाव बाहेर जाणार नाही हे बघणंही पोलिसांचंच काम. शिवाय टेक इट डाऊन नावाची मोफत सोय आहे, त्यात फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारखे प्लॅटफॉर्म त्यावरून तो फोटो ओळखून काढू शकतात.

तिच्या झाडांच्या ग्रुपचंही बघा. अशा ग्रुपची लिंक कुणीतरी स्टोरीला टाकतं, मग कोणीही आत येतं आणि सगळ्या मुलींचे नंबर त्याला दिसतात. ॲडमिनला सांगून लिंक रीसेट करायची, नवीन मेंबरला ॲडमिनची परवानगी लागेल असं सेटिंग करायचं. आणि रील तिथून निघाल्यावर, घरी पोचल्यावर टाकायची, उभ्या जागेवरून नाही.

पण झाडं बंद करू नका हो. धमकी देणाऱ्याला नेमकं तेच हवंय.

प्रश्न : मी 19 वर्षांचा. आंदोलनाला गेलं की केस पडते आणि पासपोर्ट मिळत नाही असं घरचे म्हणतात. खरं का? (नाव नको, ठाणे)

उत्तर : भीती अगदीच खोटी नाही रे. मुंबईतल्या आरेचंच बघ, तिथे मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायची होती, 4 ऑक्टोबर 2019 ला हायकोर्टाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री कटर चालू झाले, मेसेज फिरले तशी पोरं तिकडे धावली, जमावबंदी लागली आणि 29 जणांना अटक झाली, त्यात विद्यार्थीही होते. जामीन मिळाला. लॉच्या विद्यार्थ्यांच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टाने 7 ऑक्टोबरला तोड थांबवली, तोवर 2,141 झाडं गेली होती, हा आकडा मला अजून टोचतो. डिसेंबरमध्ये नव्या सरकारने ते गुन्हे मागे घ्यायचं जाहीर केलं.

पासपोर्टचं म्हणशील तर कोर्टात केस चालू असेल तर अडचण येते, कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, पण जन्मभराची बंदी वगैरे नसते. जायच्या आधी जमावबंदीचा आदेश आहे का ते बघ. पोलिसांच्या अंगाला हात लावायचा नाही, ढकलाढकलीतसुद्धा, सरकारी कामात अडथळ्याचं कलम तिथेच लागतं आणि ते अजामीनपात्र आहे. आणि वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेव, फोन जमा झाला तर पाठ असलेला नंबर फक्त आईचाच निघतो.