धुरावर लाइट मारायचीये? आधी हेलसिंकी बघ
अरे भावा, चिमणीच्या धुरावर लोकांचा वीजवापर दाखवायला लेझर भाड्याने घ्यायच्या आधी 'न्युआज व्हेर' (म्हणजे हिरवा ढग) हा आर्ट प्रोजेक्ट नीट बघ. फेब्रुवारी २००८ मध्ये हेलन इव्हान्स आणि हायको हान्सेन या कलाकारांनी हेलसिंकीतल्या साल्मिसारीच्या कोळशावरच्या पॉवर प्लांटच्या चिमणीतून निघणाऱ्या वाफेवर हिरव्या लेझरने आउटलाइन मारली, आणि गंमत म्हणजे आसपासच्या लोकांनी वीज कमी वापरली की ढग मोठा व्हायचा! आपण उलटं करतो, वापर वाढला की लाल लाइट, मग लोक फोटो काढतात आणि घरी जाऊन गीझर चालूच. डेटा लाइव्हच घे, कालचा आकडा बघून कोण बटण बंद करणार? माझ्या पहिल्या ट्रायलला वारा फिरला, धूर गायब, लेझर नुसता आभाळात. आणि हो, विमानतळवाल्यांची परवानगी आधीच काढ.