फेरो बेटांना कोणत्या हंगामात जावे? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

स्कॉटलंडच्या वायव्येस सुमारे ३२० किलोमीटरवर, उत्तर अक्षांश ६२ अंशांच्या आसपास, अटलांटिकमध्ये फेरो नावाची १८ बेटे आहेत. ती डेन्मार्कच्या राजसत्तेखाली असली तरी कारभार बराचसा स्वतःचा आहे आणि लोकसंख्या सुमारे ५५ हजार आहे. या बेटांविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत ‘तेव्हा थंडी किती असेल?’ ही एक ओळ आहेच. तिचे उत्तर आधीच देतो. राजधानी टोर्शहाव्हनचे सरासरी तापमान जानेवारीत चार अंशांच्या आसपास आणि ऑगस्टमध्ये अकराच्या आसपास असते, कारण अटलांटिकचा उबदार प्रवाह हिवाळा फार उतरू देत नाही आणि समुद्र उन्हाळा फार चढू देत नाही. वर्षभरात मिळून सात अंशांचा फरक. आपल्या नागपुरात तो एका दिवसात पडतो. म्हणून येथे हंगाम तापमानावरून निवडू नये. दिवसाला उजेड किती तास आहे, वारा कसा आहे आणि बोटी सुरू आहेत की नाहीत, या तीन गोष्टींवरून निवडावा.

प्रश्न : मुलांना एप्रिलअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी आहे. पफिन पक्षी पाहायचेच, असा त्यांचा हट्ट आहे. मे महिना फार लवकर होईल का? (नाशिक)

फार लवकर होणार नाही. मात्र मेचा पहिला आठवडा आणि शेवटचा आठवडा यांत बराच फरक आहे. पफिन एप्रिलच्या मध्यानंतर समुद्रावरून कड्यांवर परततात, पण सुरुवातीच्या आठवड्यांत ते दिवसाचा मोठा भाग पाण्यावरच घालवतात आणि पर्यटकाला अनेकदा रिकामी बिळे पाहून परतावे लागते. मेच्या उत्तरार्धात त्यांची वस्ती स्थिरावते. चोचीत चांदीसारख्या चमकणाऱ्या बारीक माशांची आडवी ओळ धरलेला पफिन, जो सगळ्या छायाचित्रांत दिसतो, तो मात्र पिल्ले बाहेर आल्यावरचा, म्हणजे साधारण जूनअखेरपासून पुढचा असतो. तुमच्या सुट्टीत तो दिसण्याची शक्यता कमी आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

या पक्ष्यांसाठी सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे पश्चिमेकडील मिचिनेस हे बेट. तेथे जाणारी बोट व्हागर बेटावरील सोर्व्हागुर गावातून सुटते आणि ती मे ते ऑगस्ट एवढेच महिने चालते. मिचिनेसला मोठे बंदर नाही. कड्याच्या खोबणीत एक अरुंद धक्का आहे आणि लाट थोडी वाढली तरी तेथे बोट लावता येत नाही. त्यामुळे आकाश निरभ्र असतानाही फेरी रद्द झाल्याचा निरोप येतो आणि पर्यटकांना त्याचे कारणच कळत नाही. यावर उपाय एकच आहे. मिचिनेसचा बेत मुक्कामाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवावा, म्हणजे फेरी रद्द झाली तर पुढे आणखी दिवस हाताशी राहतात. मी पाहिलेल्या बहुतेक प्रवास-आराखड्यांत ही सहल शेवटच्या दिवशी ‘कळस’ म्हणून ठेवलेली असते, आणि तीच हुकते. बेटावरील पायवाटेसाठी शुल्क आहे आणि वाटेचे नियम बदलत असतात, म्हणून बोटीचे आरक्षण करतानाच ते तपासावेत.

मेच्या बाजूने आणखी दोन गोष्टी सांगता येतील. मे आणि जून हे तुलनेने कमी पावसाचे महिने आहेत. कोरडे मात्र म्हणता येणार नाहीत, कारण वर्षातील दोनशेहून अधिक दिवस येथे पाऊस पडतोच. शिवाय मेच्या मध्यावर दिवस साडेसतरा तासांच्या पुढे गेलेला असतो. सकाळी पाऊस लागला तरी मुलांना जेवूखाऊ घालून सायंकाळी सात वाजता फिरायला निघता येते आणि तेव्हाही भरपूर उजेड असतो. माझ्या मते कुटुंबासाठी येथील हंगामाचे खरे बलस्थान हेच आहे. मे हा मेंढ्यांच्या कोकरांचाही महिना असल्याने मुलांना पाहण्यासारखे पुष्कळ मिळते, परंतु कोकरांच्या मागे धावू देऊ नये; शेतकऱ्यांना ते अजिबात आवडत नाही आणि जमीन त्यांची खासगी असते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. २०१९पासून एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला काही प्रमुख स्थळे दोन-तीन दिवस पर्यटकांसाठी बंद ठेवून स्वयंसेवकांकरवी वाटा व कुंपणे दुरुस्त करण्याचा उपक्रम राबवला जातो. तारखा दरवर्षी वेगळ्या असतात. एकूण विचार करता २० मे ते १० जून हा काळ मी तुमच्यासाठी निवडेन.

प्रश्न : हवामानाच्या अंदाजात वारा ‘१५ मीटर प्रतिसेकंद’ असा लिहिलेला असतो. त्याचा अर्थ काय घ्यायचा, आणि सर्वांत कमी वारा कोणत्या महिन्यांत असतो? (पुणे)

आकड्याला ३.६ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात. १५ म्हणजे ताशी ५४, २० म्हणजे ७२ आणि २५ म्हणजे ९०. हा सलग वाऱ्याचा वेग असतो. झोत त्याहून बराच जोरदार असतो आणि अंदाजात तो वेगळा दिलेला असतो. प्रवाशाने नेहमी झोताचाच आकडा पाहावा. सलग वारा आठपर्यंत असेल तर डोंगरवाटेला काहीच अडचण नाही. बाराच्या पुढे गेला की कड्याच्या कडेने जाणाऱ्या वाटा टाळाव्यात, आणि पंधराला गावातच राहावे. सह्याद्रीत पावसाळी भटकंतीला वापरला जाणारा सैल पोंचो येथे उपयोगाचा तर नाहीच, उलट धोक्याचा आहे, कारण वारा त्यात भरतो आणि माणसाचा तोल जातो. छत्रीचा तर विचारही करू नये. अंगासरशी बसणारे जाकीट आणि जलरोधक विजार हवी.

वाऱ्याचे कारण या बेटांच्या जागेत आहे. ध्रुवाकडची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा यांच्या सीमेवर कमी दाबाची क्षेत्रे तयार होऊन अटलांटिक ओलांडतात, आणि त्यांच्या नेहमीच्या वाटेवरच फेरो बेटे येतात. हिवाळ्यात दोन्ही हवांमधील तापमानाचा फरक वाढतो, म्हणून वादळेही जोर धरतात; डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा ऐन काळ. मे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत वारा त्या मानाने सर्वांत शांत असतो. परंतु केवळ महिना पाहून भागत नाही. डोंगर सरळ समुद्रातून उठलेले असल्याने वारा दऱ्यांतून कोंडून वाहतो आणि डोंगराच्या आडोशाला, जेथे शांतता असावी असे वाटते, तेथेच अचानक जोरदार झोत खाली कोसळतात. एका खाडीत पाणी आरशासारखे असते आणि बोगदा ओलांडून पलीकडे गेले की गाडी हलू लागते. हे तुमच्या फायद्याचेही आहे, कारण एका बाजूला हवा बिघडली तर दुसऱ्या बाजूचे बेट बहुधा मोकळे असते. रस्ते खात्याने जागोजागी लावलेल्या कॅमेऱ्यांची दृश्ये सर्वांना खुली असतात. सकाळी निघण्यापूर्वी ती पाहून दिशा ठरवावी.

गाडी भाड्याने घेणार असाल तर दारांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मागून येणारा वारा उघडलेले दार हिसकावून पुढे फेकतो, बिजागरी वाकते आणि दार पुन्हा नीट बसत नाही. हे नुकसान विम्यात बहुधा धरलेले नसते. गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून लावावी, काच थोडी खाली करून दार आतून दोन्ही हातांनी धरून उघडावे, आणि एका वेळी एकच दार उघडावे. मुलांना स्वतः दार उघडू देऊ नये.

प्रश्न : फेब्रुवारीत उत्तरप्रकाश पाहण्यासाठी जावे का? हॉटेलेही तेव्हा स्वस्त दिसतात. (ठाणे)

केवळ उत्तरप्रकाशासाठी, म्हणजे रात्रीच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत ध्रुवीय प्रकाशासाठी (ऑरोरा), येथे जाऊ नये. तो येथे दिसतो, सप्टेंबर ते मार्च या काळात कधीही दिसू शकतो, पण त्याच महिन्यांत आकाश ढगांनी भरलेले असते आणि आठवडाभर राहूनही एक तारा न दिसण्याची शक्यता मोठी आहे. तेवढ्यासाठी स्वीडनमधील आबिस्को अधिक भरवशाचे, कारण ते पर्वतांच्या पर्जन्यछायेत असल्याने तेथे ढग कमी असतात.

हिवाळाच पाहायचा असेल तर गोष्ट वेगळी. डिसेंबरअखेर दिवस जेमतेम पाच तासांचा असतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात तो नऊ-दहा तासांवर येतो आणि तिरप्या उन्हात बर्फाची पट्टी ल्यालेले डोंगर पाहण्यासारखे असतात. बोगद्यांमुळे हिवाळी प्रवासाचा प्रश्नही पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. डिसेंबर २०२०मध्ये स्त्रेमोय आणि एस्तुरोय या दोन सर्वांत मोठ्या बेटांना जोडणारा, समुद्राखाली वर्तुळाकार चौक असलेला बोगदा सुरू झाला. डिसेंबर २०२३मध्ये सान्दोय बेटाचा बोगदाही सुरू झाला. विमानतळ असलेले व्हागर बेट तर २००२पासूनच जोडलेले आहे. त्यामुळे मुख्य बेटांवर वादळातही बहुधा ये-जा करता येते. काल्सोय, सुदुरोय, नोल्सोय या बेटांसाठी मात्र अजूनही बोट लागते.

तुमच्या जागी मी फेब्रुवारीऐवजी मार्चचा मध्य निवडेन. १२ मार्चला, संत ग्रेगरीच्या दिवशी, येथील राष्ट्रीय पक्षी असलेला ऑयस्टरकॅचर, ज्याला तेथे त्याल्डुर म्हणतात, दक्षिणेतून परततो अशी जुनी धारणा आहे आणि टोर्शहाव्हनमध्ये त्याचे समारंभपूर्वक स्वागत होते. दिवस तोवर साडेअकरा तासांचा झालेला असतो आणि दर अजून उन्हाळ्याचे झालेले नसतात.

प्रश्न : मी लंडनमध्ये राहते, भारतीय पासपोर्ट आहे. जुलैअखेरच्या राष्ट्रीय उत्सवाला जाण्याचा विचार आहे. काय काळजी घ्यावी? (लंडन)

प्रथम व्हिसा. फेरो बेटे शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाहीत. फ्रान्स किंवा इटलीचा शेंगेन व्हिसा हाती असला तरी तो येथे चालत नाही. व्हिसा डेन्मार्ककडे मागावा लागतो आणि तो फेरो बेटांसाठी वैध असल्याचा स्पष्ट उल्लेख त्यावर असावा लागतो, म्हणून अर्जातच तसे लिहावे. कोपनहेगनमार्गे जाणार असाल तर शेंगेन व्हिसाही वेगळा लागेल. ब्रिटनमधील वास्तव्याच्या परवान्याने यातले काहीच सुटत नाही. जुलैच्या प्रवासासाठी एप्रिलमध्येच हे काम हाती घ्यावे.

ओलाव्हसोका हा उत्सव २८ आणि २९ जुलैला असतो. पहिल्या दिवशी बंदरात वल्ह्यांच्या पारंपरिक नौकांच्या शर्यती होतात. दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघते आणि लोग्टिंग या संसदेचे अधिवेशन सुरू होते. मध्यरात्री लोक एकत्र गातात आणि मग साखळीनृत्य सुरू होते. त्यात एकही वाद्य नसते. हातात हात गुंफून, दोन पावले पुढे आणि एक मागे, अशा चालीवर शेकडो माणसे जुनी प्रदीर्घ कथागीते गात फिरत राहतात आणि ताल केवळ पावलांचा असतो. पाहुण्यांनी साखळीत शिरले तर कोणी अडवत नाही. राहण्याची सोय मात्र काही महिने आधी करावी. २९ तारखेला बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा खाण्यापिण्याचे सामान आदल्या दिवशी भरून ठेवावे.

जुलैचा तोटा म्हणजे धुके. दक्षिणेकडून येणारी दमट हवा दहा-अकरा अंशांच्या समुद्रावरून येताना थंड होते आणि वारा मंद असला की धुके बेटांवर चढते. वारा नको म्हणून उन्हाळा निवडणाऱ्यांना धुके घ्यावेच लागते. व्हागरचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने बांधला. तो डोंगरांच्या मधोमध असल्याने ऐन उन्हाळ्यातही विमाने रखडतात किंवा परत फिरतात.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर जेवणाचे हाल होतील का? (सांगली)

जेवणाचे हाल टाळता येतील, पण दिवाळीची सुट्टी मुळातच गैरसोयीची आहे. नोव्हेंबरच्या आरंभी दिवस आठ तासांवर आलेला असतो, पाऊस वाढलेला असतो, मिचिनेसची बोट दोन महिन्यांपूर्वी बंद झालेली असते आणि पफिन समुद्रावर निघून गेलेले असतात. ऑक्टोबर हा मेंढ्या कापण्याचा हंगाम. हवा खेळती राहील अशा फळ्यांच्या शेडमध्ये मांस टांगून मुरवतात आणि त्याचा उग्र दर्प गावातून चालताना जाणवतो. शाकाहारी माणसाने हे जाणूनच जावे. शरदातच जायचे असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा घ्यावा. तेव्हा गर्दी ओसरलेली असते, दिवस तेरा-चौदा तासांचा असतो आणि गवताचा हिरवा रंग अजून टिकून असतो.

जेवणासाठी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेणे हाच मार्ग आहे. टोर्शहाव्हनमधील मोठ्या दुकानांत भाज्या, डाळी, तांदूळ मिळतात; मसाले घरून न्यावेत. लहान गावांत अनेकदा दुकानच नसते. साक्सुन किंवा गासादालुरला जाताना डबा सोबत असावा.

प्रश्न : किमान किती दिवस काढावेत? (बेळगाव)

आठ. पाच दिवसांच्या सहली विकल्या जातात, पण त्यातला एक दिवस पावसात आणि एक धुक्यात गेला तर हाती फारसे उरत नाही. मुक्काम रोज बदलू नये. बोगदे असल्याने टोर्शहाव्हनमध्ये राहून बहुतेक ठिकाणे दिवसभरात पाहून येतात. सुदुरोयला बोटीने दोन तास लागतात, तेथे मात्र एक रात्र राहावे. सरकारी अनुदानावर चालणारे हेलिकॉप्टर दूरच्या गावांना जाते, परंतु ते रहिवाशांच्या सोयीसाठी आहे. पर्यटकांनी त्यातून एकाच बाजूचा प्रवास करावा अशी अपेक्षा असते. परतीचे भारताकडचे विमान फेरो सोडण्याच्या दिवशीच ठेवू नये. कोपनहेगनमध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा आणि तिकिटे शक्यतो एकाच आरक्षणात घ्यावीत, म्हणजे व्हागरला विमान अडकले तर पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते.