चौदा वर्षांच्या मुलीला बँक खातं सांभाळायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या खात्यात महिन्याचे पैसे टाकले की आठ-दहा दिवसांत संपतात, ती पुन्हा मागते, आणि आता खातं बंद करावं असं घरात चाललंय. माझी विनंती आहे, बंद करू नका. ही चूक चौदाव्या वर्षी परवडते. पहिला पगार हातात आल्यावर झाली तर घरभाडं थकतं.

मला दोन मुलं. मोठ्याच्या वेळी मी त्याच्या खात्याचे मेसेज माझ्या फोनवर यायची सोय केली आणि प्रत्येक खर्चावर विचारत राहिलो. दोन महिन्यांत त्याने उपाय शोधला. पैसे जमा झाले की सगळेच एटीएममधून काढून घ्यायचे, म्हणजे बाबांना काही दिसायला नको. खातं वापरायला शिकायच्या ऐवजी तो ते टाळायला शिकला, आणि दोष माझा होता.

धाकटीच्या वेळी रोज डोकावणं सोडलं. रविवारी दहा मिनिटं ती स्टेटमेंट उघडते, मी शेजारी बसतो, आणि कोणती ओळ कशाची ते ती सांगते. खर्च बरोबर की चूक यावर मी बोलत नाही, फक्त ओळ ओळखता आली पाहिजे. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि स्टेटमेंटमध्ये कंपनीचं भलतंच नाव असू शकतं, हे तिला असंच कळलं. ‘पहिला महिना मोफत’ म्हणून घेतलेल्या एका अ‍ॅपचे पैसे तीन महिने कापले जात होते, तेही.

तुमच्या मुलीचं मला उधळेपणापेक्षा वेगळं कारण वाटतं. तिला शिल्लक म्हणून एक आकडा दिसतो आणि तो सगळा आज खर्चायचा वाटतो. पण कार्डाने दिलेले पैसे कधी कधी एक-दोन दिवसांनी वळते होतात, आपोआप कापले जाणारे अजून कापायचे असतात. म्हणून तिच्याकडे एक खरी जबाबदारी द्या, फोनचा रिचार्ज किंवा बसचा पास, आणि तेवढे पैसे वाढवून द्या. आमच्या वहीत दोन रकाने आहेत, ‘बांधलेले’ आणि ‘मोकळे’. पैसे आले की आधी पहिला भरायचा.

महिन्याचे पैसे एकदम देऊ नका. आधी आठवड्याला, मग पंधरवड्याला, जमलं की महिन्याला. मध्ये संपले तर भर घालायची नाही. हे फार जड जातं. मैत्रिणींबरोबर सिनेमाला जाता आलं नाही तेव्हा धाकटी रडली होती, आणि माझा हात खिशाकडे गेला होता. बसचा पास संपला तर मात्र अडवू नका. पैसे द्या आणि पुढच्या हप्त्यातून वळते करा.

व्याजाचं एकच गणित सांगा. ७२ ला व्याजाच्या दराने भागलं की साधारण किती वर्षांत रक्कम दुप्पट होते ते कळतं. ६ टक्क्यांनी ठेव १२ वर्षांत दुप्पट, २४ टक्क्यांचं न फेडलेलं कर्ज ३ वर्षांत. मुलं यावर गप्प होतात.

फसवणुकीबद्दल मात्र पुन्हा पुन्हा बोला. पैसे मिळण्यासाठी पिन किंवा ओटीपी कधीच द्यावा लागत नाही. त्याहून घातक, आणि घरात क्वचितच सांगितलं जाणारं, म्हणजे ‘तुझ्या खात्यात पैसे टाकतो, थोडे तू ठेव, बाकी पुढे पाठव’ ही मागणी. ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचे लुबाडलेले पैसे असतात, आणि पोलिसांना आधी सापडतं ते तिचं खातं. ओळखीच्या मुलाने मागितलं तरी खातं वापरायला द्यायचं नाही.

आणि काही घडलंच तर तुम्ही ओरडणार नाही, असं आधीच सांगून ठेवा. बँकेला पैसे अडवायला सुरुवातीचे काही तासच हातात असतात. भीतीपोटी मूल सकाळपर्यंत थांबलं की ते निघून जातात. धाकटीने एकदा रात्री साडेअकराला मला उठवलं, ‘बाबा, मी ओटीपी सांगितला.’ मी काही न बोलता बँकेला फोन लावला आणि कार्ड बंद केलं. एक व्यवहार होऊन गेला होता, दुसरा अडला.